सरांच्या अंड्यातली फिरती फांदी

सरांशी माझं पहिलं भांडण पाण्यावरून झालं, आणि चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो. कारण सरांची गोष्ट मी सांगायला बसलो की बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "आधी चूक सांगा, मंग बाकीचं."

तर चूक अशी. आर्वीच्या एसटी डेपोत माझी बदली झाली आणि आम्हाला सरांच्या घराचा खालचा मजला भाड्यानं मिळाला. वर सर एकटे. थंडीचे दिवस. अंगणात संत्र्याचं एकच झाड, आणि त्याची ही अवस्था : पानं माना टाकलेली, निम्मी पिवळी, वारा आला की चार गळायची. मी मूळचा हिंगणीचा. बोर धरणाच्या पाण्यावर वाढलेला माणूस. सुकलेलं झाड दिसलं की बादली उचलायची, एवढंच शेतीशास्त्र मला येतं. नवीन भाडेकरूनं मालकावर छाप पाडावी म्हणून पहिल्याच सकाळी मी त्या झाडाला चार बादल्या पाणी घातलं, आणि पाचवी भरत होतो.

जिन्यावरून सर उतरले. खाली लुंगी, वर कोट, एका पायात चप्पल. त्यांनी बुंध्याशी बोट खुपसलं, चिखल पाहिला.

"कोनं केलं हे?"

"मी," मी अभिमानानं म्हणालो. "बिचारं सुकून चाललं होतं."

"काऊन जी, तुमाले कोण्या डॉक्टरनं सांगतलं होतं? तीन हप्त्यापासून ताण देऊन राह्यलो मी त्याले!"

संत्र्याला बहार धरायचा असेल तर काही आठवडे पाणी तोडतात. झाडाला वाटतं, आता आपलं काही खरं नाही. मग वेळ साधून पाणी सोडलं की ते जीव खाऊन फुलतं. यालाच ताण देणं म्हणतात, आणि ते आर्वीकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं. त्या वर्षी त्या झाडाला एक फूल आलं नाही. नुसत्या फांद्या आल्या, सरळसोट, काटेरी, हिरव्यागार. सर येता-जाता त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "कंट्रोलर, तुमचं पीक मस्त आलं."

कंट्रोलर म्हणजे मी. डेपोत वाहतूक नियंत्रक. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते माइकवर सांगायचं, हे माझं काम. सरांनी माझं नाव कधी विचारलं नाही, आणि पुढे ते विचारायची वेळ निघून गेली.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या दोन भाषा होत्या. विज्ञान बोलायचं तर अगदी पुस्तकी, स्वच्छ, आणि राग किंवा माया आली की वऱ्हाडी. त्यामुळे त्यांच्या एका वाक्यात ते रागावले की शिकवत आहेत ते ओळखू यायचं. शिकवताना रागावले की मात्र पंचाईत व्हायची, आणि माझ्या बाबतीत ते बहुतेक तेव्हाच रागावायचे.

घराणं कापसाच्या व्यापाराचं. चातुर्मासात घरात कांदा येत नसे, आणि हे वर अंडी घेऊन बसलेले. खायला नव्हे. बाजारातल्या कोंबडीवाल्या बाईकडून गावरान अंडी आणायची, ती थर्माकोलच्या पेटीत बल्बच्या उबेला ठेवायची, आणि तीन-चार दिवसांनी कवचाला नखाएवढी खिडकी कापायची. खिडकीवर पारदर्शक चिकटपट्टी. आत पाहिलं तर पिवळ्या बलकावर लाल रेषांचं जाळं पसरलेलं दिसायचं. पिल्लाच्या पहिल्यावहिल्या रक्तवाहिन्या. आज चार रेषा असल्या तर उद्या त्यांना फाटे. तरुणपणी नागपूरला सरांनी याच विषयावर पीएच.डी. सुरू केली होती. ती अर्धी सुटली, मार्गदर्शकाशी भांडण झालं म्हणून.

"कशावरून भांडण, सर?"

"ते म्हणत, खिडकी चौकोनी कापा. मी गोल कापत होतो."

"मग?"

"मंग काय? गोलच कापतो अजून."

मे महिन्यात आर्वीत या पेटीचं काम उलटं व्हायचं. बल्ब बंद, आणि ती अंडी थंड राहावीत म्हणून पेटीवर ओला पंचा. सरांच्या डोक्यावर काही नाही, पण अंड्यांवर पंचा. पिल्लं बाहेर येईपर्यंत मात्र ते कधी थांबत नसत. "आपल्याला पिल्लू नको, वाट पाहिजे," म्हणायचे.

एकदा सिंदीहून माझा साळा आला होता. जेवणात काय करू म्हणून बायको विचारात पडली, तेवढ्यात साळेबुवांना जिन्याखाली टोपलीत अंडी दिसली. सरांनी वरची पेटी धुवायला काढली म्हणून घटकाभर ती खाली ठेवली होती. साळ्यानं कांदा चिरला, तवा तापवला आणि एक अंडं फोडलं. फोडण्याआधी त्यानं चिकटपट्टी पाहिली होती. त्याला वाटलं, आर्वीत तडकलेली अंडी चिकटवून विकतात. त्या दिवसापासून तो शाकाहारी आहे. त्याच्या बायकोनं सरांना अजून आशीर्वाद देणं थांबवलेलं नाही.

आता विज्ञानाकडे येतो. येतो म्हणजे, सर मला ओढत नेत तिथपर्यंत येतो. त्यापुढे मला कधी जाता आलं नाही.

"पेशी म्हणजे एक खोली समजा, कंट्रोलर," सर म्हणाले. आम्ही सगळे अंगणात चहा पीत होतो. "तिच्या अंगावर प्रथिनं उभी असतात. अर्धी बाहेर, अर्धी आत. बाहेरच्या हातानं निरोप धरायचा, आतल्या हातानं घरातल्यांना कामाला लावायचं. शरीरात ज्या जागी श्वास पुरत नाही, तिथल्या पेशी निरोप पाठवतात, की आमच्याकडे रक्ताचा एक फाटा काढा. तो निरोप जवळच्या रक्तवाहिनीपर्यंत जातो. पण नुसता निरोप गेला म्हणून काही होत नाही. तुम्ही माइकवर ओरडता, 'वर्ध्याला जाणारी गाडी फलाट दोनवर लागली आहे.' ओरडलात म्हणून गाडी निघते?"

"नाही. कंडक्टरनं डबल घंटी मारावी लागते. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल."

सर उभेच राहिले. हातातला चहा कोटावर.

"डबल! अरे वा रे कंट्रोलर! एकटं प्रथिन काही करत नाही. निरोप आला की शेजारची दोन प्रथिनं जोडीनं एकत्र येतात, आणि तेव्हाच आत घंटी वाजते. डबल घंटी! मग वाहिनीच्या भिंतीतली एक पेशी पुढे सरकते, वाट काढते. आणि जाताना शेजारणीला अंगावरच्याच दुसऱ्या प्रथिनानं बजावते, मी पुढे जाते, तू मागे राहा. सगळ्याच निघाल्या तर भिंत कोण धरेल?"

"जावा-जावांसारखंच झालं," बायको म्हणाली.

"जावांपेक्षा बरं, सूनबाई. इथं मागची ऐकते." सरांनी उरलेल्या चहाचा घोट घेतला. "आणि ही प्रथिनं म्हणजे पेशीची दारंच. त्यातली काही दारं फसवी असतात. निरोप घेतात, धरून ठेवतात, आत काहीच कळवत नाहीत. निरोप वाया."

"म्हणजे हे," बायकोनं माझ्याकडे मान वळवली. "मी सांगतलेलं सारं घेतात. आत काई पोचत नाई."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढे कितीतरी दिवस मला पाहिलं की ते हळूच म्हणायचे, "काय जी, फसवं दार."

मला यातलं किती कळलं? डबल घंटी कळली. बाकीच्याचा नुसता गुंता. कारण सर एका दिवशी म्हणायचे, नव्या वाहिन्या म्हणजे शरीराचं शहाणपण, जखम भरते ती यांच्यामुळे. दुसऱ्या दिवशी म्हणायचे, या वाढतात कशा हे सोपं आहे, यांना थांबवतं कोण ते खरं. म्हणजे या वाढणं चांगलं की वाईट? मी एकदा स्पष्ट विचारलं.

"कंट्रोलर, एसटी चांगली की वाईट?"

"चांगली."

"अन् तुमच्या ओट्यावर चढली तर?"

मी गप्प बसलो. पण गप्प बसणं म्हणजे कळणं नव्हे, हे मास्तर लोकांच्या लक्षात येत नाही.

सरांची सगळ्यात विचित्र सवय ही, की ते स्वतः अंड्यात पाहत नसत. खिडकी कापायचे बोटांच्या अंदाजानं, अगदी सफाईनं. पण पाहायला दुसरा माणूस. आधी कॉलेजातला कोणी, मग दूधवाला, आणि आम्ही राहायला आलो तेव्हापासून मी. ड्यूटी संपली की मी वर जायचं, खोलीच्या खिडकीजवळ अंडं धरायचं, दिसतं तसं वहीत काढायचं आणि बोलत राहायचं. सर खुर्चीत डोळे मिटून ऐकायचे. कवचाच्या आत त्यांनी कागदाची टिकली ठेवलेली असे, संत्र्याच्या सालीच्या अर्कात बुडवलेली. दुसऱ्या अंड्यात नुसती कोरडी टिकली. अर्काजवळ फाटे कमी येतात का, म्हणजे ती दारं बंद राहतात का, हे त्यांना हवं होतं.

"पण मीच कशाला, सर? मला यातलं काही येत नाही."

"म्हणूनच. ज्याला येतं, त्याला जे हवं ते दिसतं. तुम्ही जे दिसन तेच काढसान."

मला ही शिकवायची पद्धत वाटली. कॉलेजात फार वर्षं शिकवलेला माणूस, स्वतः न पाहता दुसऱ्याला पाहायला लावत असेल. आणि खरं सांगतो, मला ते आवडायला लागलं होतं. डेपोत दिवसभर ओरडून आल्यावर एका अंड्याकडे गप्प पाहत बसायचं. चित्रकलेत मी शाळेत नापास. पण त्या वह्यांमध्ये माझ्या रेषा सुधारत गेल्या. अशा किती वह्या भरल्या!

मग ती फांदी आली.

एका दिवशी मी म्हणालो, "सर, अर्काच्या टिकलीजवळ एक नवी रेघ आहे. बारीक. काळपट."

सरांनी डोळे उघडले. "लाल नाही?"

"काळपट. टोकाशी कोळ्याच्या पायासारखी."

दुसऱ्या दिवशी तीच रेघ टिकलीच्या डावीकडे. तिसऱ्या दिवशी वर. आणि चौथ्या दिवशी कोरड्या टिकलीच्या अंड्यातही तशीच एक. मी इमानानं सगळं काढत गेलो. सर माझ्याकडून ती पानं पुन्हापुन्हा वाचून घ्यायचे. "रोज जागा बदलते? नक्की?" त्यांचा आवाज तरुण झाला होता. दोन दिवस त्यांनी कोटाला बटणंसुद्धा लावली. नागपूरच्या जुन्या मार्गदर्शकांना पत्र लिहायला त्यांनी मला बसवलं. सुरुवात अशी होती : 'खिडकी गोलच होती, तरीही...'

तीन आठवडे हे चाललं. सरांना वाटत होतं, आयुष्यभर शोधलं ते सापडलं. मला वाटत होतं, विज्ञानात आपलंही नाव होणार. मी म्हणजे साखरेच्या आजाराच्या गोळ्या अधूनमधून विसरणारा, लग्नात जिलेबीला नाही न म्हणणारा माणूस, पण नाव मोठं होणार.

मग एका दुपारी, ड्यूटीला सुटी होती, ऊन खिडकीतून सरळ टेबलावर आलेलं. मी अंडं धरलं आणि म्हणालो, "सर, आज तर चालून राह्यली! मी डावीकडे पाहिलं की डावीकडे येते."

सर खुर्चीत पुढे सरकले.

"उजवीकडे पहा."

"आली मागोमाग."

"अंडं खाली ठेवा. समोरच्या भिंतीकडे पहा."

भिंतीला नवा चुना दिलेला होता. पांढरीशुभ्र. मी पाहिलं, आणि हसायला आलं. "सर, गंमतच आहे. इथं पण दिसते."

सर हसले नाहीत. उठले, टेबल चाचपत आले, वही मिटली. त्या वहीवर त्यांचा हात जरा वेळ तसाच राहिला.

"ती फांदी अंड्यात नाई, कंट्रोलर. तुमच्या डोळ्यात हाये." मग, "साखर हाये तुमाले?"

"थोडीशी."

"थोडीशी चहात राह्यते. किती वर्षं?"

मी सांगितलं. जिन्यात उभ्या असलेल्या बायकोनं दुरुस्त केलं, कारण मी तीन वर्षं कमी सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं मला वर्ध्याला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घातले, बाहुल्या मोठ्या केल्या, बराच वेळ आत पाहिलं. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटल्या आहेत, म्हणाले. कच्च्या, गळक्या. एक झिरपून थोडं रक्त सांडलं आहे, तेच तुम्हाला काळं दिसतं. आज थोडं आहे. मोठी फुटली तर डोळ्यासमोर अंधार येईल, आणि तो हटेलच असं नाही. उपाय म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. एक नाही, महिन्यामहिन्यानं अनेक.

डोळ्यात! मी कमरेच्या इंजेक्शनला भिंत धरणारा माणूस. डॉक्टरांना म्हणालो, विचार करून सांगतो, आणि आर्वीला परत आलो.

माझा विचार असा होता, आणि तो मी सरांकडूनच शिकलो होतो. संध्याकाळी मी वर जाऊन त्यांना तो मांडून दाखवला. "सर, तुम्हीच म्हणता, जिथं श्वास पुरत नाही तिथं शरीर नवी वाट काढतं. माझ्या डोळ्यानं शहाणपणा केला. तो मारायचा कशाला? वाढू द्या की."

सरांनी दाराआडची कात्री घेतली. झाडं छाटायची, सिकेटर म्हणतात ती. माझा दंड धरून ते मला जिन्यावरून अंगणात घेऊन आले. मला वाटलं ते मला वाट दाखवत आहेत. खरं उलट होतं, हे मला खाली झाडाशी गेल्यावर कळलं.

"त्या पहिल्या वर्षीची एक फांदी ठेवली होती मी. दाखवा."

ती होती. बुंध्यापासून सरळ वर गेलेली, मनगटाएवढी, काट्यांची. बाकीच्या त्यांनी छाटल्या होत्या, ही नमुना म्हणून ठेवलेली.

"याले पाणसोट म्हणतात. फळ आहे?"

"नाही."

"कधी आलं?"

"नाही."

"अन् पाणी कोणाचं पेते?"

"झाडाचंच."

"तुमच्या पडद्याले ताण बसला. त्यानं निरोप धाडला. निरोप तोच, दार तेच, घंटी तीच. पन वाट चुकली. हे फूल नाई, कंट्रोलर, हे पाणसोट हाये, अन् ते फुटते." त्यांनी कात्री चाचपत बुंध्याशी लावली. दाबली. पहिल्यांदा हवाच कापली. दुसऱ्यांदा मी त्यांचा हात धरून जागेवर नेला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो काही विज्ञानाचा नव्हता.

"सर, तुम्हाला ही फांदी दिसत नाही?"

"नाई. असेच पाणसोट माझ्या डोळ्यात फुटले. डावा तुम्ही आले तवाच गेलता. उजव्यात धुकं हाये."

"मग अंड्यातलं..."

"अंड्यात पाहाले मी तुमाले ठेवलं होतं ना."

नव्या वाहिन्यांवर आयुष्य घालवलेला माणूस! ज्याला डबल घंटी माहीत होती, फसवी दारं माहीत होती. "तुम्ही डॉक्टरकडे का नाही गेलात?"

सर झाडाच्या कठड्यावर बसले. त्यांचं उत्तर मला तोंडपाठ आहे, कारण ते मी नंतर अनेकदा स्वतःला म्हणून पाहिलं.

"सारं माहीत होतं म्हणून. ज्याले माहीत नसते तो भेते, अन् भेऊन जाते. मी म्हणत होतो, अजून एक हप्ता पाहू, कुठवर वाढते ते. मी माझ्याच डोळ्याचं निरीक्षण करत बसलो, कंट्रोलर. निकाल आला तवा वाचाले डोळा नव्हता."

मागून बायकोचा आवाज आला. ती कधी येऊन उभी राहिली, देव जाणे. "सर, त्या इंजेक्शनात असते काय?"

"खोटं दार, सूनबाई." सरांची भाषा एकदम पुस्तकी झाली. "पेशीवरच्या दाराची नक्कल. डोळ्यात सोडतात. निरोप त्यालाच जाऊन चिकटतो, खऱ्या दारापर्यंत पोचत नाही. घंटी वाजतच नाही."

बायकोनं मला खालून वर पाहिलं. "म्हणजे यायच्यासारखंच कोनीतरी यायच्या डोळ्यात सोडतात? मंग होतेच काम. सर, उद्या तुम्ही बी चला. तुमचा उजवा दाखवू."

"माझं काय दाखवता आता?"

"धुकं हाये म्हणता ना? धुकं म्हणजे अंधार नाई."

सर तिच्या तोंडाकडे पाहत राहिले, म्हणजे तिच्या आवाजाच्या दिशेनं. पीएच.डी.च्या मार्गदर्शकाचं न ऐकणारा माणूस, त्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पहिल्या गाडीनं निघालो. कंडक्टरनं डबल घंटी मारली तेव्हा सर माझ्या कानात म्हणाले, "निघाली." इंजेक्शन कसं होतं ते मी सांगू शकत नाही, कारण भीतीनं मी मनातल्या मनात आर्वी ते वर्धा सगळे थांबे म्हणत होतो, आणि निम्म्यातच डॉक्टर म्हणाले, झालं. सरांचा डावा गेलेलाच होता. उजवा, जेवढा आहे तेवढा राखू, म्हणाले. परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो, माझ्या उजव्या डोळ्याला पट्टी, त्यांच्याही उजव्याच डोळ्याला. कंडक्टर म्हणाला, "काय साहेब, दोघं भांडले का एकमेकाशी?"

"भांडण पाण्यावरून झालतं," सर म्हणाले. "लय जुनं."

त्या वह्यांचं पुढे काय, हे विचारायला मला फार दिवस धीर झाला नाही. माझ्या डोळ्यात ती रेघ केव्हापासून होती कोणास ठाऊक. म्हणजे कोणत्या पानापासून अंडं आणि कोणत्या पानापासून मी, हे कोणालाच सांगता येणार नव्हतं. इतक्या वर्षांचं काम. नागपूरचं पत्र अर्धंच राहिलं. शेवटी मी विचारलं.

"वह्या रद्दी," सर म्हणाले. "डोळा रद्दी नाई."

आणि पेटीतली सगळी अंडी त्यांनी त्या कोंबडीवाल्या बाईला परत दिली. त्यातल्या दोनांतून पिल्लं निघाली, असं ती सांगत होती. ती खोटं बोलत असावी, पण सरांनी चार दिवस कोटाला बटणं लावली.

सर मागच्या वर्षी गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. त्यांची लेक पुण्याहून आली, घर आमच्याकडेच राहू द्यायचं म्हणाली आणि जाताना शेवटची वही माझ्या हातात देऊन गेली. मी ती वही उघडली नाही. ठेवून दिली. आपल्याच चुका आपल्याच हातच्या चित्रांत पाहायच्या, एवढं माझं काळीज नाही.

परवा उघडली. झालं असं, की दुसऱ्या दिवशी माझी इंजेक्शनची तारीख होती, आणि मी ती पुढे ढकलायच्या बेतात होतो. मागच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, चांगलं आहे. मग म्हटलं, चांगलं आहे तर एक महिना पाहू, कसं राहतं ते. डेपोत माणसं कमी आहेत, ड्यूटी आहे, असं मी बायकोला सांगत होतो. तिनं कपाटातून ती वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि वाचायला माझ्यापुढे धरलं. ते पान तिनं कधीचंच पाहिलेलं असणार.

जाड मार्करनं, एकेका ओळीत दोन-दोन शब्द, ओळी उतरत उतरत कोपऱ्यात गेलेल्या. सरांनी स्वतःच्या हातानं, त्या धुक्यातून लिहिलं होतं :

'निरीक्षक प्रामाणिक. डोळा फितूर. दोष निरीक्षकाचा नाही. मालकाने आधी त्याचा डोळा पाहायला हवा होता.'

आणि खाली, आणखी मोठ्या अक्षरांत :

'झाडाला ताण चालू आहे. पाणी घालू नये.'

मी हसलो, आणि मग हसू कुठे गेलं ते कळलं नाही. अंगणात झाड तसंच उभं होतं, पानं माना टाकलेली. यंदा मी बादलीला हात लावलेला नाही. मी बायकोला सगळं समजावून सांगायला लागलो, की म्हणजे बघ, सरांना दिसत नव्हतं हे मला माहीत नव्हतं, मला दिसत नव्हतं हे सरांना माहीत नव्हतं, आणि निरोप तोच, पण दार... आणि तिथं माझा नेहमीसारखा गुंता झाला.

बायकोनं वही मिटली.

"सरले दिसत नव्हतं. तुमाले दिसत नव्हतं. मंग एवढी वर्षं त्या अंड्यात पाहून कोण राह्यलं होतं?" मग माझी बॅग उचलून दाराशी ठेवत म्हणाली, "दोघायचा मिळून एकच बिघडलेला डोळा वाचला हाये. तो घेऊन उद्या पहिल्या गाडीनं वर्ध्याले चला."